अधिकचं चिन्ह

हजेरी घ्यायच्या तीन पद्धती मला ठाऊक होत्या. नंबर पुकारणं, कागद फिरवणं, ज्यात मागच्या बाकावरचा एकजण चौघांच्या सह्या ठोकतो आणि आपण बघून न बघितल्यासारखं करतो, आणि अलीकडं आलेलं ते अंगठ्याचं मशीन, जे पावसाळ्यात निम्म्या वर्गाला ओळखत नाही. चौथी पद्धत मी मार्च २०२२मध्ये सांगलीत ताईच्या स्वयंपाकघरात पाहिली.

भाची युक्रेनमध्ये, खारकीवला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर घरी परतून तिला जेमतेम दहा दिवस झाले होते. जेवणाच्या टेबलावर भाजीची पाटी सरकवून तिनं लॅपटॉप ठेवला होता. तिकडं सकाळचे नऊ, इकडं साडेबारा. ताई भाकऱ्या थापत होती. तास फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषधशास्त्राचा. पडद्यावर पन्नाशीच्या बाई, आणि त्यांच्या मागं भिंतीला एकावर एक टांगलेले हिवाळी कोट, खाली बुटांची रांग. मला वाटलं, घरात पाहुणे आलेत की काय. भाची म्हणाली, "मावशी, त्या पॅसेजमध्ये बसल्यात. दोन भिंतींचा नियम असतो." स्फोट झाला की बाहेरची भिंत धक्का खाते, आतली भिंत काचा आणि तुकडे अडवते, म्हणून आपल्यात आणि रस्त्यात किमान दोन भिंती हव्यात. खिडकी नसलेली जागा म्हणजे पॅसेज, नाहीतर न्हाणीघर. हे ती ज्या सुरात सांगत होती, त्या सुरात आपण 'चप्पल बाहेर काढा' म्हणतो.

बाई म्हणाल्या, "प्लस टाका." आणि चॅटमध्ये एकाखाली एक अधिकची चिन्हं उमटायला लागली. लातूर, कोट्टायम, लागोस, कुठून कुठून. बाई ओठ हलवत मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी तीन नावं मोठ्यानं वाचली. ही मुलं कुठं आहेत, कुणाला माहीत आहे का? एकानं लिहिलं, पहिला बुडापेस्टला आहे, सिम चालत नाही. दुसऱ्याचंही काहीतरी कळलं. तिसऱ्याबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. बाई थोडा वेळ थांबल्या आणि मग त्यांनी बीटा ब्लॉकर्स शिकवायला सुरुवात केली.

तिसऱ्याचाही प्लस दोन दिवसांनी आला म्हणे. पण बाई थांबल्या तो 'थोडा वेळ' माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. मी संख्याशास्त्र शिकवते. पंचवीस वर्षं हजेरी घेतली, ती पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमासाठी.

भाचीची कहाणी थोडक्यात उरकते, कारण ती सविस्तर तिनंच लिहायला हवी. १ मार्चला खारकीवमध्ये किराण्याच्या रांगेत उभा असलेला कर्नाटकचा एक विद्यार्थी गोळाबारीत गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा संदेश आला: मिळेल त्या मार्गानं, वाहन नसेल तर पायी, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा. जायचं कुठं, तर पिसोचिन ११ किलोमीटर, बाबाय १२, बेझल्युदिवका १६. ही पोरं बर्फातून पिसोचिनला चालत गेली. पुढं बस, रेल्वे, सरहद्द, विमान. 'ऑपरेशन गंगा'नं नव्वदच्या आसपास उड्डाणांतून साडेबावीस हजार माणसं आणली, त्यांत ही एक. त्यानंतर बदलीचे अर्ज, वैद्यकीय आयोगाची परिपत्रकं आणि अखेर जॉर्जियातलं कॉलेज. ती आता बरी आहे. दिवाळीत फटाका वाजला की पॅसेजमध्ये जाते आणि तिथं काहीतरी शोधत असल्याचं दाखवते. आम्हीही मग ते शोधू लागतो.

मला मात्र तो वर्ग सोडवेना. वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की युक्रेनच्या विद्यार्थ्यांशी आठवड्यातून तासभर इंग्रजी बोलायला स्वयंसेवक हवे असतात. माझं इंग्रजी सांगली छापाचं, पण चाललं. जोडीला मिळाली खारकीवचीच मुलगी, अप्लाइड मॅथ्सची. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडं साडेसात, तिच्याकडं पाच. तिकडची घड्याळं हिवाळ्यात मागं जातात, तेव्हा चार.

पहिले चार-पाच शनिवार आम्ही विजेवरच बोललो. आक्रमकांनी ऑक्टोबर २०२२पासून वीजकेंद्रांवर पद्धतशीर हल्ले सुरू केले आणि घराघरांना गट नेमून दिले गेले. तुमच्या गटाची वीज किती ते किती जाणार, याचं वेळापत्रक रोज फोनवर. मी म्हटलं, "आमच्याकडं याला भारनियमन म्हणतात," आणि २००५-०६च्या सुमारास खेड्यापाड्यांत दिवसाचे दहा-बारा तास कशी वीज जायची, पोरं कंदिलावर कशी अभ्यास करायची, ते रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण केंद्र जागेवर असायचं ना?" २२ मार्च २०२४ला खारकीवची वीजकेंद्रंच उडवली गेली आणि अख्खं शहर अंधारात गेलं, तेव्हा मला तो प्रश्न नीट कळला. त्यानंतर मी तुलना करणं बंद केलं.

तिकडच्या तासाला 'पारा' म्हणतात, म्हणजे जोडी. दोन तासिका मिळून एक. ती विद्यापीठात आली २०२२च्या सप्टेंबरात. त्याआधी दहावी कोरोनात गेलेली. म्हणजे पदवीच्या वर्गातला बाक तिनं पाहिलेलाच नाही. खारकीवात लहान मुलांच्या शाळा मेट्रोच्या स्टेशनांत भरवल्या, पुढं जमिनीखाली खास शाळा बांधली, पण विद्यापीठांचे बहुतेक वर्ग पडद्यावरच राहिले. वर्गमित्र तिला माहीत आहेत ते गोल चकतीतली आद्याक्षरं म्हणून. कुणी ल्वीवला, कुणी पोलंडला, कुणी जर्मनीत, चौघं-पाचजण शहरातच. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा प्रत्येक प्रांतात वेगळा वाजतो. सर पोल्टाव्हात, त्यांचा भोंगा झाला की ते पॅसेजमध्ये, हिचा झाला की ही. आणि खारकीवचा भोंगा इतका वेळ चालतो की दर वेळी तास थांबवला तर अभ्यासक्रम पुढच्या पिढीला पुरा करावा लागेल. हे तिचं वाक्य.

चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ला. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, २३ तारखेला, क्षेपणास्त्रांनी युक्रेनच्या विजेच्या जाळ्याची अशी दाणादाण उडवली होती की अणुवीज केंद्रंसुद्धा जाळ्यापासून तुटली. आम्ही इकडं 'आता निबंधांचं काय होणार' म्हणून चर्चासत्रं भरवत होतो, आणि तिकडं लोक फोन चार्ज करायला तंबूंत रांगा लावत होते. तंबूंचं सरकारी नाव 'पुंक्ती नेझ्लाम्नोस्ती', अजिंक्यतेची ठिकाणं. आत हीटर, चहा, जनरेटर, इंटरनेट. सुरुवातीला ते चॅटजीपीटी युक्रेनमध्ये अधिकृतपणे उघडतही नव्हतं, फेब्रुवारी २०२३मध्ये खुलं झालं. हिनं मैत्रिणीच्या खात्यावरून त्याआधीच, अशाच एका तंबूत बसून, पहिला प्रश्न विचारला होता: भोंग्यामुळं बुडालेल्या तासातलं एक लिमिट. तिला कधी मी 'नेझ्लाम्निस्त'बद्दल, त्या अजिंक्यतेबद्दल विचारलं, तर म्हणते, "ते माझ्या चार्जरच्या तंबूचं नाव आहे."

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला एक प्रकल्प होता. विषय तिनंच निवडला: खारकीव प्रांतातल्या हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यांची रोजची संख्या. तिकडं इशारा कधी लागला, कधी उठला याच्या नोंदी खुल्या असतात. तिनं तीन महिन्यांच्या घेतल्या. प्रश्न साधा: हे आकडे प्वासाँ वितरणात बसतात का?

प्वासाँ हा फ्रेंच गणिती. आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी त्याला 'पॉयझन' म्हणतोच आणि दरवर्षी मी हसते. एकमेकींशी संबंध नसलेल्या, क्वचित घडणाऱ्या घटना ठरावीक वेळात किंवा जागेत किती वेळा घडतील, याचं हे गणित. त्याची दोन गाजलेली उदाहरणं, आणि गंमत म्हणजे दोन्ही लढाईच्या गोटातली. पहिलं, प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं मेलेले सैनिक. बोर्टकीविचनं १८९८मध्ये मांडलेलं. दुसरं माझं लाडकं. १९४४मध्ये जर्मनीचे उडते बाँब लंडनवर पडत होते, आणि लोकांत बोलवा होती की ते ठरावीक वस्त्यांवरच पडतात. क्लार्क नावाच्या विमागणितज्ञानं दक्षिण लंडनचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि ५३७ बाँब त्यांत मोजले. एकही बाँब न पडलेले चौकोन सिद्धान्तानं यायला हवेत सुमारे २२७, निघाले २२९. एक बाँब पडलेले यायला हवेत २११, निघाले २११. मी हे फळ्यावर मांडते तेव्हा झोपलेली पोरंसुद्धा मान वर करतात. दोनशे अकरा, आणि दोनशे अकरा! मीही दर वेळी विजयी मुद्रेनं खडू खाली ठेवते. त्या २११ चौकोनांत कुणाची तरी घरं होती, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

तिनं स्क्रीन शेअर केला. चॅटजीपीटीशी झालेला तिचा संवाद युक्रेनियनमध्ये होता, ती भाषांतर करून सांगत होती. (मधेच एका शब्दावर चिडली; तो युक्रेनियन नव्हेच, रशियनला युक्रेनियन टोपडं घातलंय म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढं यंत्रानं लिहिलेलं मराठी उभं राहिलं, ज्यात प्रत्येक जण 'प्रवासाचा आनंद घेतो'.) यंत्रानं प्वासाँ सुचवलं, सूत्र दिलं, कोडही लिहून दिला, आणि उदाहरण म्हणून काय द्यावं? लंडन. माझे ५७६ चौकोन. कुणीतरी माझी टाचणवही पळवल्यासारखं मला वाटलं.

तिनं आकडे घातले. बसेनात. प्वासाँमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सारखे असावे लागतात. इथं व्हेरियन्स कितीतरी फुगलेला. यंत्रानं लगेच उपाय सांगितला: काही दिवस 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेले दिसतात, ते वगळून पाहा. त्यातला एक दिवस असा होता की रोजच्यासारखे सात-आठ इशारे नव्हतेच. एकच इशारा, पण संध्याकाळी लागलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेला. आकडा: एक.

ती हसली. म्हणाली, "ही ती रात्र, जेव्हा मी एक मिनिट झोपले नाही. आई, मी आणि मांजर, तिघं न्हाणीघरात. आणि हा म्हणतो, वगळ."

खरं सांगते, माझ्या वर्गातल्या मुलानं हा तक्ता आणला असता तर मीही हेच सांगितलं असतं.

तिनं यंत्राला समजावलं. लंडनचा बाँब आणि खारकीवचा भोंगा एक नव्हे. रशियाची सरहद्द जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. पलीकडच्या बेल्गोरोदकडून सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटभराच्या आत शहरावर येतं, कधी आधी स्फोट होतो आणि मग भोंगा. ड्रोन येतात ते थव्यानं, रात्रीचे. एक आला की मागून येणारच, म्हणजे घटना एकमेकींपासून सुट्या नाहीत. यंत्र म्हणालं, तुमचं अगदी बरोबर आहे, उत्तम निरीक्षण. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं सगळं बदलून दिलं. यावर ती म्हणाली ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं. "मला हे आवडत नाही. माझे सर इतक्या लवकर हरत नाहीत."

सर हरले नाहीतच. त्यांनी प्रकल्प परत पाठवला, शेरा एका ओळीचा: 'दिवस मध्यरात्री संपतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?' ती तीन दिवस धुमसत होती. वीज चार तास येते, त्यात परत सगळं मोजायचं! आणि मग लख्ख उजेड पडला. तिनं इशारे मोजले होते तारखेप्रमाणं, बारा ते बारा. पण हल्ला कॅलेंडर बघून येत नाही. रात्री दहाला सुरू होतो, पहाटे पाचला थांबतो, आणि तारखेच्या रेघेनं त्याचे दोन तुकडे होतात. दुपार ते दुपार मोजलं तर आख्खी रात्र एकत्र राहते. हे यंत्राच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. सरांच्या आलं, कारण तेही त्या रात्री पॅसेजमध्ये बसलेले असतात. तिनं सगळं नव्यानं मोजलं, इशारा लागण्याऐवजी इशाऱ्याखाली गेलेली मिनिटंही वेगळी मांडली, प्वासाँ सोडून दुसरं वितरण घेतलं. कोड अर्थातच यंत्राकडून लिहून घेतला. सरांना सांगून. सर म्हणाले, कोड कुणीही लिहो.

हे ऐकताना मला आठवत होतं ते वेगळंच.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलेलं. गावभागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं घर माळ्यापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर ती कॉलेजात आली, तेव्हा तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचा लगदा झाला होता. सबमिशन तोंडावर. मी तिला सांगितलं, मैत्रिणीचं घे आणि लिहून काढ, वीस प्रयोग आहेत, आठवडा देते. मला त्या वेळी ते फार उदार वाटलं होतं, दोन दिवस मिळतात तिथं आठवडा! तिनं लिहिलं. ज्या घरात चिखल काढायला माणसं कमी पडत होती त्या घरात बसून तिनं वीस प्रयोगांची आकडेवारी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवली, लाल पेनानं समास आखून. मी सह्या केल्या. वर्तमानपत्रात पूरग्रस्त विद्यार्थ्यांवर लेख आला, मथळा नेहमीचाच, 'जिद्दीला सलाम'. मी तो कात्रण करून स्टाफरूमच्या फळ्यावर लावला.

सरांनीही मुलीला परत करायला लावलं आणि मीही. त्यांच्या 'परत कर'मध्ये एक प्रश्न होता, माझ्यात फक्त लाल समास होता. आज चॅटजीपीटी जे काम अर्ध्या मिनिटात करेल, ते काम मी त्या पोरीकडून पुराच्या चिखलात मागितलं होतं. गेल्या दोन वर्षांत वर्गातून एकसारख्या भाषेतल्या असाइनमेंटा येतात आणि स्टाफरूममध्ये सगळे कपाळाला हात लावतात. मीही लावते. पण हात लावताना ती वही दिसते. यंत्राच्या आधीही आम्ही नक्कलच मागत होतो, फक्त हस्ताक्षरातली.

'जिद्दीला सलाम' हा मथळाही आता माझ्यानं वाचवत नाही. २०२२मध्ये एक फोटो सगळ्या प्राध्यापकांच्या ग्रुपांवर फिरत होता: उझ्होरोद विद्यापीठाचे प्राध्यापक फेदिर शान्दोर, लष्करी गणवेशात, खंदकात बसून फोनवर तास घेताहेत. मीही तो चार ग्रुपांवर पाठवला, दोन हात जोडलेल्या चित्रासह. खारकीवच्या मुलीला दाखवला तर ती म्हणाली, "हो, चांगले सर आहेत." पुढं काही नाही. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. तिच्याच विभागातले दोघं आघाडीवर आहेत, त्यातल्या एकाचा विषय आता दुसरेच शिकवतात. आपल्याला फोटोत जिद्द दिसते, तिला त्यात बुडालेला तास दिसत असावा.

एकदा मी तिला विचारलं, या यंत्रात तुला सर्वांत आवडतं ते काय? मला वाटलं म्हणेल, वेळ वाचतो, रात्री तीनला उत्तर देतं. तेही म्हणालीच. पण आधी म्हणाली, "ते मला विचारत नाही, मी कशी आहे." मी जरा वरमले, कारण आमचा प्रत्येक शनिवार मी त्याच प्रश्नानं सुरू करते. तिनं समजावलं. सगळे विचारतात. पोलंडची मावशी, जर्मनीतली मैत्रीण, शिक्षिका, स्वयंसेवक. सगळ्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, मग त्याला धीर द्यावा लागतो. यंत्राला मॅट्रिक्सचा प्रश्न विचारला की ते मॅट्रिक्सचं उत्तर देतं. तेवढा वेळ ती खारकीवची नसते, नुसती गणिताची विद्यार्थिनी असते.

मी हे बरेच दिवस मनात घोळवलं. माझ्या डोक्यात त्या फार्माकॉलॉजीच्या बाई होत्या, तीन नावं वाचून थांबलेल्या. आपण गैरहजर आहोत हे कुणाच्या तरी लक्षात यावं, हीच शिक्षणातली मोठी गोष्ट, असं मी ठरवून टाकलं होतं; या विषयावर लेख लिहायचा तर तो त्याच वाक्यावर संपवायचाही बेत होता. आणि इथं ही पोर सांगत होती की कुणाच्याच लक्षात न येण्यात केवढा आराम आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी ती आली नाही. मी लिंक उघडी ठेवून बसले. पडद्यावर माझाच चेहरा, मागं कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची ट्रॉफी. पावणेआठ झाले, आठ झाले. खारकीवची बातमी शोधायची नाही असं ठरवलं आणि शोधली. कुठल्या तरी पेठेत ड्रोन पडला होता, पेठांची नावं मला कळत नाहीत. मेसेज लिहिला, 'कशी आहेस?' आणि पुसला. मग लिहिलं, 'मागच्या वेळचा इंटिग्रल सुटला का?' आणि तो पाठवला. सव्वाआठला ताईचा फोन आला, मी तिला नंतर करते म्हटलं. भाजी करपली.

रात्री दहा वाजून काही मिनिटांनी फोन उजळला. फक्त एक चिन्ह होतं.

+

आणि मग, तासाभरानं, इंटिग्रलचा फोटो. दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं. मी ते लाल करून परत पाठवलं.